नागरबाईची माघारीण

कौशी छातीपर्यंत गाळात रुतली होती. तिच्याकडे फेकलेला दोर हाताजवळ येऊन पडला, तरी तिला तो धरता येत नव्हता. काठावरची माणसं ओरडत होती, "धर गं, धर की." तिचा डावा हात गाळाखाली गेला होता. उजवा वर होता, पण त्याची बोटं मिटत नव्हती. लोकांना वाटलं पोरगी भेदरली. बोटं का मिटत नाहीत हे तिथं दोघींनाच माहीत होतं. एक तिची आई नागरबाई आणि दुसरी मी.

दिवस मावळायला आला होता. तळं पार आटलेलं. आम्ही बाया तळ्याच्या कडेला झिरा खणून वाटी-वाटीनं घागरी भरत होतो. तळ्याच्या मधोमध जुना ओढा होता. वरची पपडी वाळून खणखणीत दिसायची, पण खाली सगळी खीर. तिकडं कुणी पाय टाकायचा नाही, हे नागरबाईनंच उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरोघरी फिरून सांगितलं होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. कौशीला माहीत नव्हतं, कारण ती नांदेडला सासरी होती. पलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरली आणि गावातून चालत आले तर लोक बघतील म्हणून तळ्यातून सरळ निघाली. तिचा जन्म त्या तळ्यावर गेला होता, पण तिनं ते कायम पाण्यावरून पाहिलेलं. तळाशी काय आहे हे पाण्यावरून कळत नाही.

नागरबाई माझी शेजारीण. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, नांदेडच्या हद्दीला चिकटून. भोई गल्ली संपते तिथं आमची बौद्धांची वस्ती सुरू होते, आणि तिचं शेवटचं घर नि आमचं पहिलं घर यांच्या मध्ये एक बाभळ. नवरा लवकर मेला. पदरात एक पोरगी. दिरांनी सांगितलं, जाळं आम्हाला दे, तू नुसती मासळी विक. ही म्हणाली, जाळं माझ्या नवऱ्याचं हाय, तुमच्या बापाचं न्हाई. आणि फेकजाळं शिकली. बाईनं जाळं फेकलेलं आमच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. लोक तळ्यावर बघायला जायचे आणि हसायचे.

फेकजाळं फेकायला पाय रोवून ताठ उभं राहावं लागतं. जाळ्याची कड एका बाजूनं खांद्यावर, एका बाजूनं हातात, आणि एक शिशाचा मणी दातात धरायचा. मग कमरेतून वळून सोडायचं. जाळं हवेत गोल उघडतं आणि शिशाच्या वजनानं खाली बसून मिटतं. सुरुवातीला तिचे पुढचे दोन दात त्या मण्यानं गेले. त्यानंतर तोंड उघडलं की खिंडार दिसायचं, पण जाळं मात्र गोल पडायला लागलं. हसणारे घरी गेले.

तोंडाची फटकळ. मासळीला शिव्या घालायची. जाळ्यातून काढताना, "ये हलकटे, काटा मारतीस व्हय? चल तुला मीठ लावते." गिऱ्हाइकालाही सोडत नसे. तिची एक रीत होती. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारात आली की म्हणायची, "सून कुठंय? तिला हुबी कर." सासू म्हणायची, "मी घेते की." तर पाटी उतरवायचीच नाही. सून बाहेर आली, तिनं पाटीत वाकून पाहिलं, बोटानं दाखवलं, की मगच मासळी द्यायची. मी एकदा विचारलं, ही कसली तऱ्हा. तर म्हणाली, "सुनेनं बघितलेली मासळी सुनेच्या ताटात एक तुकडा तरी पडती. न बघितलेली पडत न्हाई." एका घरची म्हातारी तिच्याशी भांडली. त्या घरी तिनं पुन्हा मासळी दिली नाही, म्हातारीच्या तेराव्यापर्यंत.

आमच्या ओट्यावर बसून आमच्या घागरीतलं पाणी प्यायची. गावात असं पिणारी माणसं तेव्हा फार नव्हती. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

आता माघारिणीचं सांगते. लग्न झालेली मुलगी माहेरी परत आली की तिला आपण माघारीण म्हणतो. नागरबाई एका मासळीलाही म्हणायची. तळ्यात एक लांबट, चांदीच्या अंगाची मासळी होती. तिला सगळे खवली म्हणत. तळं भरून सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की त्यातल्या काही खवल्या पाण्याबरोबर खाली ओढ्यात जायच्या आणि ओढ्यातून नदीला. दुसऱ्या साली पाणी वाहिलं की त्याच परत उलट्या चढून यायच्या. मोठ्या होऊन, अंगानं भरून, पोटात अंडी घेऊन. पण सांडव्याची भिंत त्यांना चढता यायची नाही. भिंतीशी उड्या मारून मारून त्यांची डोकी फुटायची. दुसरे भोई तिथं काठ्या घेऊन उभे राहायचे, कारण अशी सोपी मासळी वर्षात पुन्हा मिळत नसे. नागरबाई कमरेइतक्या पाण्यात उतरून पहिली जी सापडेल ती दोन्ही हातांत धरायची, तिच्या डोक्याला कुंकवाचं बोट लावायची आणि भिंतीवरून तळ्यात सोडायची. तिच्या सासूनं तसं केलं होतं, सासूच्या सासूनं केलं होतं. एरवी मासळीला शिव्या देणारी ही बाई त्या वेळी अहो-जाहो करायची. "या बाई. दमलात. या." एवढंच म्हणायची. मी कितीदा ऐकलंय.

तळ्यात सोडल्यावर तीच मासळी महिनाभरानं जाळ्यात आली तर कापून विकायची. त्यात तिला काही वाटत नसे. "घरात घेतली, मान दिला. आता घरची झाली," म्हणायची.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. आता कामाला धाराशिवला जायला नको म्हणून लोक खूश. नागरबाईला पेढा दिला तर ती म्हणाली, "जिल्हा जवळ आला. पानी येणार हाय का जवळ?" पाणी आलं नाही, पण मासळीखात्याचा एक साहेब आला. कोकणातला, किडकिडीत, उन्हानं लाल झालेला. नव्या जिल्ह्यातल्या तळ्यांत कुठली मासळी आहे ते बघत हिंडायचा. त्याला तळ्यावर एक पाटी लावायची होती. या तळ्यात हे हे मासे आहेत, अशी. तो भोयांना नावं विचारत बसला. मी धुणं धूत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"माघारीण म्हणजे खवलीच ना, मावशी?" त्यानं नागरबाईला विचारलं.

"हाव."

"मग पाटीवर दोन नावं कशाला? मासा एकच आहे."

"तुमची भैन लग्नाआधी जी व्हती, तीच आता हाय का?"

साहेब हसला. चांगला माणूस होता, राग आला नाही त्याला. म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं तिकडं अमेरिकेतही आहे. ट्राउट म्हणून मासा असतो. काही नदीतच जन्म काढतात. काही समुद्रात जातात, तिथं मोठे होतात आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतात. परत आलेल्याला स्टीलहेड म्हणतात. पोलादी डोक्याचा. मासा तोच."

"त्याला कुंकू लावत्यात का?"

"नाही. गळ लावतात."

"मंग नाव कशाला वेगळं ठिवलं खामखा?"

 तो म्हणाला, नावाचं तिकडं वेगळंच भांडण आहे. इंग्रजीत माणसाचं, गावाचं नाव लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढतात. माशाच्या नावाला ते मोठं अक्षर द्यायचं की नाही, यावर शिकलेली माणसं भांडतात. कुणी म्हणतं द्या, कुणी म्हणतं मासा तो मासा, लहान अक्षरच बरं. "आमच्या कचेरीतसुद्धा साहेब मोठं करून देतात आणि टाइप करणारा लहान करून आणतो."

नागरबाई हे मन लावून ऐकत होती. तिला अक्षरओळख नव्हती. "आपल्यात न्हाई का मोठं अक्षर?"

"नाही. आपली सगळी अक्षरं सारखी."

मला ते बरं वाटलं. नागरबाईला नाही. "सगळी सारखी कशी असत्याल? ती जाऊन आलेली हाय. डोकं फोडून आलेली हाय. तिचं मोठं काढा."

पाटी लागली तेव्हा तिनं मला हाताला धरून नेलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मी वाचून दाखवलं. कटला, रोहू, मरळ, वाम, खवली. आणि सगळ्यांत खाली माघारीण, इतर नावांच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत. अहमदपूरच्या पेंटरनं ते लाल रंगात काढलं होतं. साहेबानं सांगितलं म्हणून काढलं की पेंटरनं स्वतःच्या मनानं, मला माहीत नाही. नागरबाई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. रंग अजून ओला होता. तिचं बोट लाल झालं. ते तिनं पदराला पुसलं नाही, तसंच घेऊन घरी गेली.

त्याच साली कौशीचं लग्न झालं. नांदेडला, गोदावरीकाठच्या भोयांत दिली. बारमाही पाण्यावर पोरगी दिली म्हणून नागरबाई तोऱ्यात होती.

त्यानंतर पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरं गेलं. सांडव्यावरून पाणी वाहिलं नाही, म्हणून कुणी गेलं नाही आणि कुणी आलं नाही. तळं आत आत सरकत गेलं. दुसरे भोई मुलं-माणसं घेऊन लातूरला, औशाला मिळेल त्या कामावर गेले. नागरबाई आमच्याबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला यायची. खडी फोडतानाही शिव्या द्यायची, पण जीव लावून नाही.

कौशी पहिल्यांदा आली ती चोळीच्या खणात चार कपडे बांधून. नवरा मारतो, म्हणाली. नागरबाईनं तिला जेवू घातलं, डोक्याला तेल लावलं आणि सकाळी एसटीत बसवून दिलं. मी म्हटलं, पहिली खेप आहे, पोरी येतातच.

दुसऱ्यांदा आली तेव्हा उजवा हात फडक्यात होता. नवऱ्यानं वल्हं मारलं होतं. ती डोकं वाचवायला गेली आणि बोटांवर बसलं. नागरबाईनं हळद लावून, बांबूच्या कांबी करून बोटं बांधली. मी कंदील धरला होता. हाडं जुळली, पण बोटं सरळ राहिली ती राहिलीच. मूठ होईना. भाकरीचा तुकडा ती दोन्ही तळव्यांत धरून खायची, आणि गावाला कळू नये म्हणून नागरबाई तिला घराबाहेर पडू देत नव्हती. महिन्यानं सासरचे न्यायला आले. आणि नागरबाई तिची पिशवी भरायला लागली.

मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "नागरबाई, पोरीची बोटं बघितलीस का?"

"मीच बांधली की."

"मंग धाडतीस कशाला?"

"इथं काय हाय? तळ्यात पानी न्हाई, पाटीत मासळी न्हाई. मी खडी फोडून राहिले. तिकडं डोहाला पानी हाय. दोन घास खाईल."

"मार बी खाईल."

"मार सगळ्याच खात्यात, शेवंते. तू न्हाई खाल्लास?"

"खाल्ला. म्हणून तर सांगते."

ती पिशवीची गाठ मारत राहिली. मग मी बोलायचं ते बोलले. "मासळी परत आली तर कमरेइतक्या पाण्यात उतरून उचलतीस. पाटीवर मोठं अक्षर काढून घेतलंस तिच्यासाठी. पोटची आली तर परत लोटतीस."

कौशी आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं असणार.

"मासळीला इज्जत नसती, शेवंते," नागरबाई म्हणाली. "तिला कुनी इचारत न्हाई का आलीस म्हणून."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. कामावर माझ्यापासून लांब बसायची. सासरचे कौशीला घेऊन गेले, ते एसटीत बसेपर्यंत नागरबाई वर मान करून बघत नव्हती. रात्री भाकरी करायची, पण खाताना दिसायची नाही. ज्या घरांत सुनेला उभी करायची, त्या घरांवरून आता खाली मान घालून जायची.

उन्हाळा अर्धा सरल्यावर एक दिवस येऊन आमच्या ओट्यावर बसली. घागरीकडं बघितलं. मी पाणी दिलं. त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे काय, हे ज्यांनी काढलेत ते दिवस त्यांनाच कळेल. तिनं अर्धंच घेतलं, उरलेलं परत घागरीत ओतलं. मग म्हणाली, "पाऊस पडून तळं भरू दे. आणते तिला. कायमची आणते. माझं जाळं हाय, माझ्या पोरीपुरतं घावतंय. सांडव्यावरून पानी वाहिलं की दुसऱ्या दिवशी नांदेडला जाते."

"खबर धाड तिला तशी."

"धाडते. पानी तर येऊ दे."

तिनं खबर धाडली नाही. पाणी आलं नव्हतं. कौशी त्याच्या आधी आली.

आता तळ्यावरचं. दोर फेकून फेकून माणसं थकली. कडेची माती जिथपर्यंत धरत होती तिथपर्यंत जाऊन फेकत होते. फास करून टाकला तरी दोर हलका, अलीकडंच पडायचा. एकदाच हाताशी गेला आणि तो तिला धरता आला नाही. ती हलली की आणखी खाली जात होती. गाळ खांद्याला लागला. ती ओरडत नव्हती. आईकडं बघत होती, आणि मला वाटतं, आई पुन्हा परत धाडेल याचंच भय तिच्या डोळ्यांत जास्त होतं. मला तसं वाटलं. खोटं असेल तर असो.

नागरबाई घरी पळाली आणि जाळं घेऊन आली. माझ्या नवऱ्यानं तिच्या दारातली बाज उचलून आणली होती. बाज पपडीवर आडवी टाकली, तिच्यावर ती पालथी झोपली आणि हातांनी गाळ ढकलत पुढं सरकली, तराफ्यावर जावं तशी. बाज तिचं वजन धरत होती, पण कौशीभोवतीची पपडी फुटून सगळी खीर झाली होती, म्हणून दहा-बारा हात अलीकडंच बाज अडली. जाळ्याची दोरी तिनं माणसांच्या दोराला बांधली होती. माझा नवरा काठावरून ओरडला, "नागरमाय, झोपूनच ऱ्हा. उठू नको. झोपून टाक जाळं."

ती मागं न बघता म्हणाली, "झोपून जाळं पडत न्हाई, बापू."

ते खरं होतं. झोपून फेकलं तर जाळं गोळा होऊन पडतं, उघडत नाही. उभं राहिलं की सगळं वजन दोन पायांवर येतं आणि बाजेची सुतळी तेवढं धरत नाही. हे तिच्याइतकं आम्हालाही दिसत होतं. तिनं बाजेवर गुडघे टेकले, मग एक पाय, मग दुसरा. बाज एका अंगानं खाली दबली. 

तिनं जाळं खांद्यावर घेतलं. मणी दातात धरायच्या आधी ती पोरीला म्हणाली, "या बाई. दमलात. या."

कौशीनं मान वर केली. आईनं जन्मात तिला अहो म्हटलं नव्हतं.

मग तिनं मणी दातात धरला. त्यानंतर ती काही बोलली नाही, कारण जाळं तोंडात असताना बोलता येत नाही. तिला मी शेवटची पाहिली ती अशी. पाय रोवलेले, पदर कमरेला, कमरेतून वळलेली, आणि मागं लाल उजेड. जाळं सुटलं. मी तिची इतकी जाळी पाहिली, पण एवढं गोल पडलेलं पाहिलं नाही. ते कौशीवर बसलं. शिसं गाळात रुतलं. कौशीनं वरचा हात जाळ्यात कोपरापर्यंत घातला आणि अडकवला. कोपरानं अडकवायला बोटं लागत नाहीत. माणसांनी ओढलं.

फेकण्याच्या झोकानं नागरबाई पुढं गेली होती. बाजेचा पाय गाळात घुसला, बाज उलटली आणि तिच्या अंगावर पडली. सगळे दोराला लागले होते. दोर सोडला असता तर कौशी गेली असती. म्हणून कुणी सोडला नाही, मीही सोडला नाही. कौशी कडेला आली तेव्हा अंधार पडला होता आणि बाजेचे दोन पाय तेवढे वर दिसत होते.

कौशी जगली. अजून आहे, भोई गल्लीत, बाभळीच्या पलीकडं, आईच्या घरात. नागरबाईला सकाळी काढली. ती जिवंत नव्हती.